‘बरं झालं, पाऊस आला’

तर झालं असं की परवा आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी पावसाचा फोरकास्ट टाकला आणि खाली धडाधड नमस्कार, फुलं, गणपती. ‘बाप्पा पावला’, ‘चला सुटलो एकदाचे’, एकाने तर कांदाभजीचा फोटो. बरोबरच आहे म्हणा, २०२५ च्या जानेवारीभर लॉस एंजेलिस जळत होतं, अल्टाडीनामधे नऊ हजाराच्या वर इमारती गेल्या, सगळ्यांच्या घरात महिनाभर धुराचा वास, अशात पाऊस येतोय म्हटल्यावर माणूस खुश होणारच. आपल्या लोकांचं तर पावसाशी नातंच तसलं, लहानपणापासून तो येत नाही म्हणून काळजी आणि आला की गूळ-खोबरं.

मी मात्र तो फोरकास्ट बघून लगेच माझ्या मावसबहिणीला फोन लावला. ती सिएरा माद्रेला राहते, अगदी डोंगराच्या पायथ्याशी. तिचं घर आगीतून वाचलं. ताई म्हणाली, "अरे आता काय, आता तर पाऊस येतोय, आता कसली भीती." मी म्हटलं ताई आता तर खरी भीती, जळलेल्या डोंगरावर पाऊस पडला की चिखलाचा लोंढा येतो. ती हसली. मग ग्रुपवर उत्तर लिहायला बसलो, ते एवढं लांबलं की म्हटलं जाऊदे, ब्लॉगवरच टाकतो, इथे तसंही दोन वर्षं काही लिहिलं नाहीये.

आम्ही २०१७ ला व्हेंचुराला राहायचो, भाड्याच्या अपार्टमेंटमधे. माझं ऑफिस गोलेटाला, म्हणजे रोज एकशेएक हायवेने समुद्राच्या कडेकडेने जायचं, मधे कार्पिंटेरिया लागतं, मग मोंटेसिटो, मग सँटा बार्बरा. जगातला सगळ्यात सुंदर कम्यूट असेल, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर अगदी अंगावर आलेला. मोंटेसिटो म्हणजे श्रीमंतांचं गाव, ओप्रा विन्फ्रीचं घर तिथलंच, पण हायवेवरून झाडं सोडून काही दिसत नाही. डोंगर आणि समुद्र यांच्यामधे दोन-तीन मैलांची उतरती पट्टी, त्यात ओढे. कोल्ड स्प्रिंग, हॉट स्प्रिंग्स, सॅन यसिड्रो, रोमेरो. वर्षातले दहा महिने कोरडे, त्यांच्यावरून गाडी जाते ते कळत पण नाही.

४ डिसेंबर २०१७, सोमवार. सांता पाउलाच्या वरच्या बाजूला संध्याकाळी आग लागली, थॉमस ॲक्विनस कॉलेजजवळ, म्हणून तिचं नाव थॉमस फायर. (पुढे तपासात निघालं की वाऱ्यात विजेच्या तारा एकमेकींवर आपटल्या आणि ठिणगी पडली.) सँटा ॲना वारे, म्हणजे वाळवंटाकडून येणारे कोरडे वारे, असले सुटले होते की रात्रीत आग आमच्या गावात. लाईट गेलेले, खिडकीतून बघतो तर मागच्या टेकडीची कड नारिंगी. पासपोर्ट, लॅपटॉप, बायकोने देव्हाऱ्यातला बाळकृष्ण रुमालात गुंडाळून घेतला आणि निघालो, ऑक्सनार्डच्या मित्राकडे. व्हेंचुरात त्या आगीत पाचशेच्या वर घरं गेली. आमचं वाचलं. चौथ्या दिवशी परत आलो तर गॅलरीत राखेचा थर, तुळस काळी.

ती आग मग महिनाभर चालली, २,८१,८९३ एकर. तेव्हा कॅलिफोर्नियाच्या रेकॉर्डमधली सगळ्यात मोठी. पश्चिमेकडे सरकत सरकत मोंटेसिटोच्या डोक्यावर आली आणि १६ डिसेंबरला वाऱ्याने परत उचल खाल्ली, पण फायरवाल्यांनी काय लढवलं गाव, थोडीच घरं गेली. खाली एकदोन चौकांत लोकांनी थँक्यूच्या पाट्या लावलेल्या मी रोज बघायचो. सगळं गाव बाहेर गेलेलं ते ख्रिसमसच्या तोंडावर परत आलं. युनिव्हर्सिटीने डिसेंबरच्या परीक्षा जानेवारीत ढकललेल्या, पोरं घरी. एकूण हुश्श असं वातावरण.

आई साताऱ्याहून रोज विचारायची, पाऊस कधी येतो रे तुमच्याकडे? आमच्याकडे त्या सीझनला पाऊस नावाला नव्हता. ८ जानेवारीला रात्री मी तिला सांगितलं की येतोय, आज रात्री येतोय. "बरं झालं बाई, आता उरलीसुरली आग पण विझेल," म्हणाली आणि मी पण हो म्हटलं. हे मी कधी विसरू शकलो नाही. मी हो म्हटलं.

आता त्या रात्री मोंटेसिटोत डोंगरावरून जे आलं ते काय होतं ते सांगतो, कारण ग्रुपवर मी ‘मडस्लाईड’ म्हटलं की लोक म्हणतात हां म्हणजे दरड कोसळते तसं. नाही. आपली दरड वेगळी. आपल्याकडे माळीण झालं ३० जुलै २०१४ ला, आंबेगाव तालुक्यातलं, दीडशेच्या वर माणसं गेली, सकाळी एसटीचा ड्रायव्हर गाडी घेऊन आला तेव्हा त्याला गावच दिसेना. तिथे काय होतं, पाऊस मुरतो. मुरतो मुरतो, माती जड होते, आतून सुटते आणि मग डोंगराचा तुकडाच्या तुकडा खाली बसतो. म्हणजे पाणी आत गेल्यामुळे होतं ते.

जळलेल्या डोंगरावर बरोबर उलटं. तिथे पाणी आत जातच नाही.

इथल्या डोंगरावर जी झुडपं असतात त्यांना चॅपराल म्हणतात, पानं जाड, तेलकट, मेणचट, कोरड्या हवेत पाणी टिकवून ठेवायला. ती जळली की ते मेण वाफ होऊन जमिनीत उतरतं आणि खाली थंड मातीत जाऊन गोठतं, पृष्ठभागाच्या जरा खाली, मातीच्या कणांवर तुपाचा हात फिरवल्यासारखा थर. वरती राख. यावर पाणी पडलं की अळवाच्या पानावर पडल्यासारखं होतं, थेंब गोल होऊन पळतो. मी स्वतः बघितलंय, नंतर एकदा जळलेल्या ट्रेलवर पाण्याची बाटली ओतून. राख जराशी ओली झाली आणि बाकी पाणी मण्यांसारखं उताराने पळालं. बोटाने उकरलं तर खाली माती कोरडी ठणठणीत. धरून ठेवायला मुळं नाहीत, अडवायला पाला नाही, आणि आगीनंतर सुटे झालेले दगडगोटे आधीच घरंगळत येऊन ओढ्यात भरून बसलेले असतात. बंदूक भरूनच ठेवलेली असते म्हणा ना.

म्हणून इथे दिवसभर किती पाऊस पडला त्याला फार अर्थ नाही. यूएसजीएसवाले (इथली सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्था) पंधरा मिनिटांचा हिशोब करतात, पंधरा मिनिटं किती जोरात पडला. दिवसभर भुरभुर आला तर काही होणार नाही कदाचित, आणि एकच सर पुरेशी आहे.

९ जानेवारी २०१८, पहाटे साडेतीन-पावणेचारच्या सुमाराला मोंटेसिटोत ती सर आली. पाच मिनिटांत ०.५४ इंच. म्हणजे साधारण १४ मिलीमीटर. महाबळेश्वरचा माणूस म्हणेल यात काय विशेष, आमचा रेनकोट पण भिजत नाही. पण पाच मिनिटांत हं. तासाच्या हिशोबाने १६० मिलीमीटरच्या वर जातं, आणि खाली अळवाचं पान.

डोंगरावरून जे आलं ते पाणी नव्हतं. बांधकामावर बघितलं असेल तर मिक्सरमधून जो माल पडतो ना, घट्ट, खडीसकट, तसं, फक्त खडीच्या जागी गाडीएवढे धोंडे. अशा मालात दगड बुडत नाहीत, तरंगत पुढे येतात, त्यामुळे तोंडाला धोंडे आणि झाडं आणि मागून चिखल. ठिकठिकाणी १५ फूट उंच. ओढ्यातनं येत असतं तर ओढ्याकाठचीच घरं गेली असती, पण रस्त्यांवरचे पूल बुटके, त्यांच्या खाली धोंडे आणि अख्खे ओक अडकले, बूच बसलं, आणि मग चिखल ओढा सोडून जिकडे उतार तिकडे निघाला, गल्ल्यांतून, बागांतून, लोकांच्या बेडरूममधून. ज्यांना आपण ओढ्याकाठी राहतो हेच माहीत नव्हतं ते गेले. मधेच गॅसची मोठी लाईन फुटली, आकाश नारिंगी झालं, काही लोक परत आग लागली समजून उठले.

२३ माणसं. शंभराच्या वर घरं साफ. दोन मुलं अशी होती की कितीतरी दिवस शोधून सापडली नाहीत. यावर मी जास्त लिहीत नाही.

मला त्या सगळ्यातली एक गोष्ट सारखी खुपते, ती नकाशावरची रेघ. काउंटीने (म्हणजे आपल्याकडचा जिल्हा म्हणा) आधी सांगितलं होतं, असं नाही की सांगितलं नव्हतं. स्टेट रूट १९२ नावाचा रस्ता आहे, गावातून आडवा जातो. त्याच्या वर डोंगराकडे राहता तर घर सोडाच, मँडेटरी. त्याच्या खाली राहता तर तुमची मर्जी, व्हॉलंटरी. रस्ता निवडला कारण लोकांना सांगायला सोपा, आणि चिखलाला काय रस्ता कळतो होय. मेलेल्यांमधले बरेच जण रेघेच्या खालच्या बाजूचे होते. आणि रेघेच्या वरचे पण खूप जण गेले नव्हते. का नाही गेले? मला त्यांना नावं ठेवता येत नाहीत. विचार करा, दोन आठवडे हॉटेलात किंवा कोणाच्या सोफ्यावर काढून, कुत्री-मांजरं म्हातारी माणसं घेऊन, आत्ता परवा घरी आलाय, घर वाचलंय, अजून बॅगा पण नीट रिकाम्या केल्या नाहीत आणि परत कोणीतरी म्हणतंय निघा, आणि कशासाठी तर पाऊस येणारे म्हणून. आगीसाठी माणूस निघतो, आग दिसते. पावसासाठी कोण घर सोडतं? फोनवर तो किंचाळणारा अलर्ट आला तेव्हा चार वाजत आले होते, चिखल निघाला होता.

मी त्या रात्री व्हेंचुरात मस्त झोपलो होतो, पावसाचा आवाज ऐकत. आवडतो मला तो आवाज.

सकाळी हायवे बंद. बंद म्हणजे नेहमीचा ॲक्सिडेंटवाला बंद नाही, ऑलिव्ह मिल रोडपाशी एकशेएकची नदी झालेली, तपकिरी, त्यात गाड्या, झाडं. हे जवळजवळ दोन आठवडे चाललं, २१ जानेवारीला उघडला एकदाचा. व्हेंचुराहून सँटा बार्बराला जायचं तर आतल्या भागातून चार-पाच तासांचा वळसा, नाहीतर ट्रेन, नाहीतर चक्क बोट. डॉक्टर-नर्स बोटीने ड्युटीला जात होते. मी ट्रेन पकडली, दोनेक दिवसांत ती सुरू झाली होती, डबे वाढवलेले तरी उभं राहायला जागा नाही, एकदम आपल्या सकाळच्या फास्ट लोकलची आठवण. पण मोंटेसिटो आलं आणि डब्यातला आवाज बंद झाला. समुद्र किनाऱ्यापासून आतपर्यंत चॉकलेटी. एवढ्या वर्षांत मी तो निळाच बघितलेला.

तो सगळा चिखल उपसून ट्रक भरभरून जात होते, काही तर आमच्या ऑफिसजवळच्या गोलेटा बीचवरच ओतत होते, दिवसभर रांग. लोकांनी आरडाओरडा केला की त्यात काय काय आहे, घाण आहे. खरं होतं ते. पण ठेवणार कुठे एवढा चिखल, हा पण प्रश्नच.

हायवे सुरू झाल्यावर एका शनिवारी मी बकेट ब्रिगेडमधे गेलो. गावातल्या लोकांनीच उभं केलेलं काम, फावडं आणा, बूट आणा, या. मला वाटलं घरं उपसायची असतील, ती पण होती, पण माझ्या वाट्याला एक ओकचं झाड आलं. बुंध्याभोवती तीन-चार फूट चिखल साचला तर मुळांना हवा मिळत नाही, झाड उभ्या उभ्या गुदमरतं, म्हणून बुंधा मोकळा करायचा. आठ-दहा जण होतो. वरून मऊ दिसणारा तो चिखल वाळून असा घट्ट झालेला की फावडं मारलं की हाताला झिणझिण्या, आणि आतून काय निघेल नेम नाही, एक ओव्हनचा दरवाजा, मुलाचा बूट, मोजपट्टी, ख्रिसमसचे लाल गोळे न फुटता. बूट निघाला तेव्हा सगळे थांबले. शेजारी एक म्हाताऱ्या बाई घमेल्याएवढ्या बादलीत माती भरत होत्या, चाळीस वर्षं तिथे राहणाऱ्या. त्यांच्या घराभोवती दगडी कुंपण होतं, फार सुंदर, गोल गुळगुळीत धोंड्यांचं. मोंटेसिटोत जिकडेतिकडे तसली कुंपणं आहेत, गावाची ओळखच ती. त्या म्हणाल्या, आम्हाला कधी सुचलंच नाही विचारायचं की हे धोंडे इथे आले कुठून.

कुठून येणार, वरूनच. ते अख्खं गाव म्हणजे हजारो वर्षांत असल्याच लोंढ्यांनी आणून टाकलेल्या गाळाचा पंखा आहे. सपाट, सुपीक, समुद्र दिसणारी जमीन डोंगराच्या पायथ्याशी आयती कोण देतं? १९६४ मधे कोयोटी फायर झाली, त्या हिवाळ्यात पण ओढे असेच आले होते. आणि ही काही एकट्या मोंटेसिटोची गोष्ट नाही. ताई राहते त्या सॅन गॅब्रिएल डोंगरांच्याच पायथ्याशी ला क्रेसेंटा म्हणून भाग आहे, तिथे १९३३ च्या नोव्हेंबरात आग लागली आणि १९३४ च्या एक जानेवारीला, नवीन वर्षाच्या पहिल्या तासात, चिखल आला. सुरक्षित म्हणून लोक ज्या हॉलमधे जमले होते त्या हॉलमधूनच गेला. २००३ च्या ख्रिसमसला सॅन बर्नार्डिनोच्या वॉटरमन कॅन्यनमधे एका चर्चच्या कॅम्पवर, दोन महिन्यांपूर्वी तिथला डोंगर जळला होता. तारखा बघा, नाताळ, एक जानेवारी, नऊ जानेवारी. आग शरदात, पाऊस थंडीत, मधे जेमतेम काही आठवडे. आपल्या सह्याद्रीत फेब्रुवारी-मार्चमधे वणवे लागतात, गवताचे, झरझर पुढे जाणारे, आणि पाऊस जूनला. त्यामुळे वणवा आणि चिखल हे एका वाक्यात येतात हेच आपल्याला माहीत नसतं. शब्द पण नाही त्याला आपल्याकडे. मी शोधला बराच, दरड नाही, पूर नाही, लोंढा जवळ जातो जरासा.

असो. मोंटेसिटोने नंतर बरंच केलं. ओढ्यांवर वरती कॅन्यनमधे स्टीलच्या जाळ्या टांगल्या, रँडल रोडवर जिथे घरं होती ती जागा काउंटीने घेऊन तिथे राडारोडा अडवायला मोठा खड्डा केला, डेब्रिस बेसिन. आणि नकाशातली ती एका रस्त्याची रेघ गेली. २०२३ ला, योगायोग बघा, परत ९ जानेवारीलाच, बरोबर पाच वर्षांनी, मोठा पाऊस आला तेव्हा अख्खं गाव खाली करायला लावलं. या वेळी लोक गेले.

तर हे सगळं मी ताईला फोनवर सांगत होतो, चाळीस मिनिटं. तिचं म्हणणं, अरे पण आमच्या रस्त्यावर त्यांनी ते काँक्रीटचे कठडे लावलेत, के-रेल, वाळूची पोती पण फुकट मिळतात, आम्ही वीस आणून लावलीत गॅरेजसमोर. मी म्हटलं पोती पाण्यासाठी असतात गं. मग तिने तिचं ठेवणीतलं काढलं, "तू लहानपणापासून घाबरटच आहेस." भाओजींनी मागून फोन घेतला आणि विचारलं, किती इंच सांगतायत? मी म्हटलं इंच सोडा, ऑर्डर आली की निघायचं, पिवळी, म्हणजे नुसती वॉर्निंग, आली तरी निघायचं, रात्रीची वाट बघायची नाही.

निघाले. १३ फेब्रुवारीला गुरुवारी दुपारी, नातवाच्या खेळण्यांसकट, पोमोनाला लेकीकडे. त्या दिवशी सिएरा माद्रेच्या रस्त्यांवर चिखल आणि धोंडे आलेच, तिकडे पॅलिसेड्सला, म्हणजे जानेवारीत जळलेल्या दुसऱ्या भागात, समुद्राकाठच्या हायवेवरून फायर डिपार्टमेंटच्या एका माणसाची गाडी लोंढ्याने सरळ समुद्रात नेली, नशीब म्हणून तो बाहेर आला. ताईच्या गल्लीत काय झालं? काही नाही. कोपऱ्यापर्यंत थोडा गाळ आला, पोती कोरडी.

शनिवारी परत आल्यावर तिचा फोन. "बघ, उगाच गेलो. दोन दिवस फुकट."

मी काही बोललो नाही आधी. मग विचारलं बॅग सोडलीस का? नाही म्हणाली, कंटाळा आलाय, गाडीच्या डिकीतच पडलीये. म्हटलं राहू दे तिथेच, दोन हिवाळे तरी काढू नकोस. "दोन वर्षं? अरे त्यात माझी चांगली शाल आहे!"

शाल काढून घे म्हटलं, बाकीचं ठेव.